सरपंचाचा मोठा पोरगा कुठी गेला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही पोरांनी प्रश्न पाठवलाय. गावातलेच कलाकार घेऊन, एका मोबाईलवर, बहुतेक रविवारी शूटिंग करून ही मंडळी वऱ्हाडी बोलीत विनोदी मालिका चालवतात. भाग शंभराच्या पुढे गेलेत आणि आता बघणारे चुका काढू लागलेत. सुरुवातीला सरपंचाला दोन मुलगे होते, मोठा पुण्याला कंपनीत. पुढे तो गायबच झाला, आणि हल्ली सरपंच 'एकुलत्या एका पोराचं लगन' म्हणून गावभर मिरवतोय. बुढीचं वय कधी सत्तर, कधी ऐंशी. टपरीवर उधारीत चहा पिणाऱ्या गण्याचा शर्ट दारात निळा, ओसरीत पांढरा. पोरांना विचारायचंय ते असं: एवढा पैसा आणि एवढी माणसं असूनही मोठ्या मालिकांत अशा चुका का होतात? आपण त्या कशा टाळायच्या? आणि गण्याचं काम करणारा पोरगा पोलीस भरतीत लागून गेला, तर त्याच्या जागी दुसरा आणायचा की पात्रच मारून टाकायचं?

मुंबईत मालिकांच्या सेटवर मी आधी कंटिन्युटी सांभाळली, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतं का ते बघायचं काम, मग एपिसोड डिरेक्टर म्हणून काम केलं. आता वर्धेकडे गावी असतो. उत्तर जरा लांबेल.

सगळ्या चुका एका मापाच्या नसतात, हे पहिल्यांदा मान्य करा. शर्टाचा रंग बदलला तर माणूस हसतो, मित्राला सांगतो आणि पुढचा भाग बघतो. पण ज्या गोष्टीवर तो मागच्या वर्षी पोट धरून हसला होता, ती तुम्हीच विसरलात, तर त्याला वाटतं की ह्या लोकांनी आपल्याला येडं समजलं. विनोदी मालिकेत प्रेक्षकाची आठवण हेच भांडवल असतं. तुमच्याकडे वेळ आणि माणसं कमी आहेत, तर राखण तिथे करा.

आधी शर्टाचा आणि चहाच्या कपाचा विषय उरकतो. एकच सीन चार-पाच वेळा शूट होतो. आधी मास्टर, म्हणजे आख्खा सीन लांबून, मग याचा चेहरा जवळून, मग त्याचा, मग खांद्यावरून. प्रत्येक वेळी नट कप थोडा वेगळा उचलतो. एडिटर नंतर तुकडे जोडतो, तेव्हा एका तुकड्यात कप भरलेला असतो आणि दुसऱ्यात अर्धा. एडिटरला हे दिसत नाही असं नाही. पण ज्या टेकमध्ये नटाचा टायमिंग जमला, त्यातच नेमका कप चुकलेला असतो. मग तो टायमिंग घेतो. वॉल्टर मर्च हे हॉलिवूडचे नामांकित संकलक. कट कुठे मारायचा याचे त्यांनी सहा निकष सांगितले आणि त्यांना वजनंही दिली: भावना ५१ टक्के, कथा २३, लय १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे त्याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीला ५, आणि प्रत्यक्ष जागेत कोण कुठे उभं होतं या सलगतेला सगळ्यात शेवटी ४. म्हणजे ज्या चुकांवर लोक व्हिडिओ बनवतात, त्या जाणत्या संकलकाच्या हिशेबात शंभरातल्या चार. मी डोळे झाकून हसू निवडीन, कप जाऊ दे. अपवाद एकच: कप हाच विनोद असेल, 'माह्या कपातला चहा कोणं पेला' असा सीन असेल, तेव्हा कप हीच कथा होते आणि मग त्याला जपावंच लागतं.

तरी एका मोबाईलवर काम करताना काही गोष्टी फुकटात जमतात. चहा स्टीलच्या गिलासात द्या, आत किती उरला ते कोणाच्या बापाला दिसत नाही. बिडी पेटवू नका, कानावर ठेवा. मनगटावरची घड्याळं काढायला लावा, भिंतीवरचं फ्रेमच्या बाहेर ठेवा. नटाला सांगा की दुपट्टा कोणत्या शब्दावर खांद्यावर टाकलास ते लक्षात ठेव आणि दर टेकला त्याच शब्दावर टाक. मुंबईतले मुरलेले नट हे न सांगता करतात आणि त्यांचे सीन कापायला म्हणूनच सोपे जातात. आणि प्रत्येक सीनमध्ये ज्यात कोणी बोलत नाही असे दोन-तीन शॉट घ्या: ऐकणाऱ्याचा चेहरा, दावणीची बकरी, चुलीवरचं भगुणं. जिथे जुळत नाही तिथे बकरी घाला. बकरीची कंटिन्युटी आजवर कोणी तपासलेली नाही.

रविवारी-रविवारी शूटिंग करणाऱ्यांचा खरा घात दोन रविवारांच्या मधल्या सहा दिवसांत होतो. अर्धा सीन या आठवड्यात, अर्धा पुढच्या. मधे कोणी केस कापून येतो, कोणाची दाढी वाढते, कोणाच्या घरी लग्न असतं आणि हातावर मेंदी चढते. सीन अर्धवट सोडताना फोटो काढू नका, दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. नटाला जागेवर गोल फिरायला सांगा आणि त्यानं तोंडानं सांगावं: 'बाही दोनदा दुमडली, वरचं बटन उघडं, चप्पल निळी, टिळा नाही.' फोटोत मागची बाजू येत नाही, आणि मागच्या खिशातला रुमाल नेमका पुढच्या शॉटमध्ये दिसतो. तो सीन संपेपर्यंत कपडे नटाच्या घरी जाऊ देऊ नका. थैलीत घाला, चिठ्ठी लावा, थैली एकाच्या घरी ठेवा. तुमच्या निळ्या-पांढऱ्या शर्टाचं मूळ मला वाटतं इथेच आहे: माय धुऊन टाकते.

आता तुमच्या भागाची खास अडचण. मुंबईच्या सेटवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे आभाळ पडद्यावर रंगवलेलं असतं आणि तुळस प्लास्टिकची. तुम्ही खऱ्या गावात, खऱ्या वावरात शूट करता, आणि वावर खोटं बोलत नाही. मालिकेत एकच दिवस चालू आहे, पण सकाळच्या सीनमध्ये पऱ्हाटी गुडघ्याएवढी आणि संध्याकाळच्या सीनमध्ये बोंडं फुटलेली. शहरातल्या माणसाला हिरवं ते हिरवंच दिसेल, पण तुमचा प्रेक्षक शेतकरी आहे. त्याला एका नजरेत कळतं की हा शॉट ऑगस्टातला आणि तो दिवाळीनंतरचा. पळस फुलला की फाल्गुन आला, मागे केशरी झाड दिसत असताना 'पाणी कधी येते बाप्पा' म्हणत मृगाची वाट पाहता येत नाही. मोह गळायला लागला की मार्च-एप्रिल. तुरीच्या तुराट्या बांधावर रचल्यात, तर सोयाबीन पेरणीचा संवाद त्याच फ्रेममध्ये नको.

आणि बैल. पोळ्याला शिंगांना रंग दिला की तो नंतर कितीतरी दिवस टिकतो, ऑइलपेंट असेल तर विचारूच नका. पोळ्याच्या आधीची कथा तुम्ही पोळ्यानंतर शूट केली, तर शिंगं लालभडक दिसणारच. तेव्हा पोळ्याच्या आधी बैलांचे आठ-दहा शॉट काढून ठेवा: गोठ्यात, बंडीला जुंपलेले, पाणी पिताना. त्याहून मोठा धोका असा की हंगाम संपला की मालक जोडी विकतो. माणूस बदलला तर गाव सांभाळून घेईल, पण बैल बदलला तर पाटलाच्या वयाचे लोक तिथल्या तिथे ओळखतात, नवा कितीचा घेतला तेही विचारतात. बैलांचे चेहरे क्लोजअपमध्ये नकोत.

भिंतींचंही तसंच. गावातल्या भिंतींवर बियाण्यांच्या, सिमेंटच्या जाहिराती असतात, निवडणुकीत चिन्हं रंगतात, दिवाळीला चुना लागतो. ज्या कुडाच्या घरात तुम्ही पहिले भाग केले, तिथे घरकुल मंजूर होऊन स्लॅब पडतो. मालकाला 'आमची मालिका संपेपर्यंत थांब' म्हणता येणार नाही, म्हणूही नये. त्यापेक्षा घरकुल मालिकेतच आणा. सरपंचानं मंजूर केलं की अडवलं, यावर पाच भाग निघतील. शिवाय महिन्याला एकदा, पात्रं न घेता, गावाचे साधे शॉट गोळा करा: पार, विहीर, एसटी थांबा, वावर. वर्षभरानं बारा महिन्यांचं गाव तुमच्या हार्ड डिस्कवर असेल. मग कथेत जो महिना, त्या महिन्याचा शॉट आधी लावायचा आणि आतला सीन ओसरीत करायचा. मोठ्या मालिका बंगल्याच्या बाहेरचा तोच तो शॉट का दाखवतात, त्याचं कारण हेच आहे.

मोठ्या मालिका का विसरतात, तर मुख्य कारण लिखाणात आहे. रोजची मालिका आठवड्याला पाच-सहा भाग मागते, एका भागात साधारण बावीस मिनिटं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, त्यावर चॅनेलच्या क्रिएटिव्ह माणसांचे बदल. सुरुवातीला भागांची बँक असते, म्हणजे आठ-दहा भाग तयार करून ठेवलेले. सणासुदीत, पावसात, नट आजारी पडल्यावर ती बँक आटते, आणि मग सकाळी सीन येतो, दुपारी शूट होतो, रात्री एडिटला जातो. शिवाय शूटिंग कथेच्या क्रमानं होत नाही, सेटच्या क्रमानं होतं: आज सगळे स्वयंपाकघरातले सीन, उद्या सगळे दिवाणखान्यातले. अशा वेळी दोनशे भागांपूर्वी आत्याचं सासर कोणतं सांगितलं होतं, हे कोण बघणार? कंटिन्युटीचा असिस्टंट बहुतेक युनिटमधला सगळ्यात नवखा पोरगा असतो. दोन वर्षांपूर्वीचे भाग त्यानं पाहिलेलेच नसतात, आणि ज्यानं पाहिले होते तो दुसऱ्या मालिकेवर निघून गेलेला असतो. कधी कधी परिस्थितीच घर बदलायला लावते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात चित्रीकरण थांबलं, तेव्हा अनेक मराठी मालिकांची युनिट्स गोव्याला आणि इतर राज्यांत गेली आणि आख्खी कुटुंबं अचानक कुठल्यातरी रिसॉर्टमध्ये राहायला लागली.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत तर आठवड्याला एक भाग, लेखकांची आख्खी खोली, तरी 'फ्रेंड्स' मालिकेत (१९९४ ते २००४) रॉस हे पात्र तीन वेगवेगळ्या सीझनमध्ये एकोणतीस वर्षांचाच असतो. मोनिकाच्या घराच्या दारावर आधी ५ नंबर होता, मग २० झाला. घर वरच्या मजल्यावर आहे, तर नंबर एवढा लहान कसा, हे मागून लक्षात आलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'त शेजारणीचं, एथेलचं, मधलं नाव कधी लुईस, कधी रॉबर्टा, कधी मे. तेव्हा मालिका एकदा दिसायची आणि गेली, कोण लक्षात ठेवतं? आज तुमचा प्रेक्षक सलग तीस भाग एका रात्रीत बघतो आणि मागे जाऊन थांबवूनही बघतो. पूर्वी दोन वर्षांच्या अंतरात लपणारी चूक आता पंधरा मिनिटांच्या अंतरावर येऊन बसली आहे.

अजून एक कारण आहे, आणि ते तुम्हाला लागू पडतं. पहिले भाग लिहिताना लेखकालाच माहीत नसतं की मालिका कशाची आहे. तो खबरदारी म्हणून दोन मुलगे, तीन सुना, एक मामा अशी माणसं भरून ठेवतो. पुढे कळतं की लोक हसतात ते गण्या आणि चहावाल्यावर. मग बाकीचे आपोआप गळतात. 'हॅपी डेज' नावाची अमेरिकी मालिका १९७४ मध्ये सुरू झाली, तिच्यात कनिंगहॅम कुटुंबाला चक नावाचा मोठा मुलगा होता. दुसऱ्या सीझननंतर तो परत दिसला नाही, कोणी त्याचं नावही घेतलं नाही, आणि १९८४ मध्ये मालिका संपताना वडील आपल्या दोन्ही मुलांची लग्नं झाली म्हणून बोलतात. तिसरा गेला कुठे, कोणी विचारत नाही. अशा गायब होणाऱ्या पात्रांना तिकडे अजून त्या चकच्याच नावानं ओळखतात. तेव्हा तुमचा सरपंच चांगल्या संगतीत आहे.

काळाचं गणित मात्र एकदा बसून ठरवा. कोरियाचं युद्ध जून १९५० ते जुलै १९५३ असं तीन वर्षं चाललं. त्याच्यावरची 'मॅश' ही मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा सीझन चालली. युद्ध ताणून ताणून किती ताणणार? त्यात नवा कर्नल पॉटर छावणीत हजर होतो ती तारीख संवादात सप्टेंबर १९५२ सांगितली, आणि नंतरच्या एका भागात तोच कर्नल १९५१ चं आख्खं वर्ष छावणीत घालवताना दिसतो. तरी लोकांनी ती मालिका डोक्यावर घेतली, कारण हसू आणि दुःख खरं होतं, तारखांसाठी कोणी ती बघत नव्हतं. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेनं दुसरा रस्ता धरला. १९८९ पासून त्यातला बार्ट दहा वर्षांचाच आहे. चित्रं म्हातारी होत नाहीत. पण तुमची पोरं होतात. त्यामुळे एक तर वय बोलूच नका, बुढीला 'किती वर्षांची झाली' असं विचारलं तर तिनं 'तुह्या बापाले खेळवलं मी' एवढंच म्हणावं. नाहीतर खऱ्या वर्षाबरोबर चाला, सण खऱ्या सणाला दाखवा आणि वयं वाढू द्या. दोन्ही चालतं. अर्धं हे, अर्धं ते केलं की बुढी सत्तर-ऐंशीत झोके खाते.

आता मी ज्यासाठी एवढं लिहितोय ते. विनोदी मालिकेत सगळ्यात महाग पडणारी चूक डोळ्यांना दिसतच नाही. ती असते कोणाला काय माहीत आहे याची. तुमचे निम्मे विनोद गैरसमजावर उभे आहेत: सरपंचिणीला गण्याच्या उधारीचं माहीत, सरपंचाला नाही, म्हणून ती त्याला चहाच्या टपरीकडे जाऊ देत नाही. समजा, भाग बेचाळीसमध्ये सरपंचाला ते कळलं, आणि साठमध्ये तो पुन्हा अनभिज्ञ असेल, तर त्या अठरा भागांमधला प्रत्येक विनोद मागे जाऊन मरतो. प्रेक्षक 'चूक झाली' असं म्हणत नाही. तो 'आता मजा नाही राहिली' असं म्हणतो, आणि नेमकं काय बिघडलं ते त्याला सांगता येत नाही.

तसंच सवयीचं. चहावाला उधारीची रक्कम दर वेळी मोठ्यानं सांगतो, हा तुमचा सगळ्यात जास्त गाजलेला विनोद. गावात उधारीचा आकडा कोणी विसरत नाही. २४० रुपये एकदा म्हणालात, की पुढे २६० होतील, ३०० होतील, पण १८० होणार नाहीत, आणि झाले तर कोणी भरले ते दाखवावं लागेल. ज्या दिवशी गण्या पैसे देईल तो दिवस आख्खा भाग व्हायला हवा: टपरी थांबली पाहिजे, चहावाल्याला घाम फुटला पाहिजे, लोकांनी जमून बघितलं पाहिजे. सवय मोडायला हरकत नाही, विनोदी मालिकेतले उत्तम भाग सवय मोडण्याचेच असतात. पण ती जाणूनबुजून मोडली पाहिजे. नवीन लेखकानं सोयीसाठी गण्याच्या खिशातून पन्नासची नोट काढली, की तुमचा शंभर भागांचा साठा पन्नास रुपयांत गेला.

शपथा, पैजा, रुसवे, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरचं पाणी पीत नाही, कोणाला काय म्हणून चिडवलं जातं, हे सगळं याच खात्यात. म्हणून माझं म्हणणं असं की कंटिन्युटीची वही करायची तर कपड्यांची नंतर, आधी बोलण्याची करा. एक माणूस नेमा, त्याला दुसरं काम देऊ नका, अभिनय तर नकोच. शाळेत शिकवणारी एखादी ताई असेल तर उत्तम, तिला खाडाखोड न करता लिहायची सवय असते. प्रत्येक भागानंतर अर्धं पान. मी असं लिहीन:

'भाग ६१. शिमग्याच्या आधीचे दिवस. गण्या चहावाल्याले २४० देणं लागते, सर्वांसमोर बोलला. सरपंचाले उधारी मालूम नाही, सरपंचिणीले मालूम आहे, गण्याले मालूम नाही का तिले मालूम आहे. बुढीचा पाय दुखते, डावा. गण्यानं मायची शपथ घेतली का पत्ते खेळन नाही. मास्तर अन् सरपंच बोलत नाही, कारण भाग ५८ पाहा.'

एवढंच. पुढचा भाग लिहिण्याआधी मागची दहा पानं मोठ्यानं वाचायची. मुंबईत याला बायबल म्हणतात, जाडजूड फाईल असते, सुरुवातीला छापतात आणि नंतर कोणी उघडत नाही. वही चालते कारण ती वाढत जाते. आणि एक गंमत सांगतो: निम्म्या नव्या कथा त्या वहीतूनच निघतात. मास्तर आणि सरपंच अजून बोलत नाहीत, हे सगळे विसरलेले असतात आणि वही आठवण करून देते.

बोलीबद्दल थोडंसं. 'माझ्या नवऱ्याची बायको' मालिकेतल्या राधिकेनं विदर्भाची बोली घराघरांत नेली. एका मुख्य पात्राची बोली बाकीच्यांपेक्षा वेगळी ठेवायची आणि वर्षानुवर्षं टिकवायची, हे सोपं काम नाही. तुमच्याकडे उलटं आहे, सगळेच वऱ्हाडी बोलतात, म्हणून फरक पटकन कानाला लागतो. सासूचं काम करणारी बाई भंडाऱ्याची, मुलगा दारव्ह्याकडचा, आणि दोघं मायलेक दाखवलेत. एक झाडी बोलीचा हेल काढते, दुसरा 'काहून' आणि 'करून राहिलो' म्हणतो. सुनेचं चालतं, ती परगावची असणारच, उलट त्यावर विनोद करा. मायलेकाचं नाही चालत. आणि शहरातले पाहुणे बघतील म्हणून मधेच कोणी पुस्तकी बोलायला लागला की लगेच थांबवा.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं पाहिलेल्यांना इथे प्रश्न पडेल. तिकडे गडचिरोलीतल्या वडसा भागात दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात. विनोदी नट प्रवेशाच्या मधे मनाचं बोलतो, मिशी पडली तर मिशीवरच टाळी घेतो, आणि कोणी कंटिन्युटी विचारत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथली चूक त्याच रात्री, त्याच लोकांसमोर विनोदात बदलते आणि पहाटे संपते, दुसऱ्या गावाला नवी रात्र. तुमची चूक रेकॉर्ड होऊन बसते. पण त्यांची युक्ती उसनी घेता येते, ती सरपंचाच्या पोरासाठी.

तर सरपंचाचा मोठा पोरगा. तीन रस्ते आहेत. काही न बोलता सोडून द्यायचं, चकसारखं. शंभरात दहा लोक विचारतील, चालू शकतं. दुसरा रस्ता, एखाद्या पात्राच्या तोंडी खुलासा घालायचा: 'तो तर वारला ना पुण्याले.' हे करू नका. विनोदी मालिकेत डागडुजीसाठी माणूस मारला की वास येतो. तिसरा रस्ता मला आवडतो. अमेरिकेत 'चीअर्स' मालिकेत फ्रेझर नावाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की आपले वडील शास्त्रज्ञ होते आणि वारले. पुढे १९९३ मध्ये त्याच पात्राची 'फ्रेझर' ही स्वतंत्र मालिका निघाली, तिच्यात वडील जिवंत, आणि निवृत्त पोलीस. लेखकांनी १९९५ मध्ये जुन्या मालिकेतला मित्र पाहुणा म्हणून आणला आणि त्याच्या तोंडून हा प्रश्न वडिलांच्या समोरच विचारायला लावला. फ्रेझर ओशाळून कबूल करतो की तेव्हा बापाशी भांडण झालं होतं म्हणून खोटं बोललो. हे जमलं, कारण तो माणूस असं खोटं बोलणाराच आहे. लेखकांचा विसरभोळेपणा पात्राच्या स्वभावात बसला.

तुमचा सरपंच खोटं बोलणारा आहे की नाही? आहे, आणि तुम्हीच शंभर भाग ते दाखवलंय. मग त्यानं मुलीकडच्यांना 'एकुलता एक' का सांगितलं? कारण सातबाऱ्यावरची वीस एकर दोघांत वाटली की दहा होते. सोयरीक जमेपर्यंत त्यानं मोठ्याचं नावच काढलं नाही, आणि त्यालाही सांगितलं, 'लगनाले येऊ नोको, सुट्टी नाही भेटत म्हणजो.' आता मोठा पुण्याहून बायकापोरांसकट मांडवात उतरतो. बुढी, जिनं पहिल्या भागांत त्याचं नाव घेतलेलं आहे, तीच सगळ्यांसमोर त्याला मिठी मारते. चहावाला बाजूला उभा राहून हिशेब करतो की दोन पोरं म्हणजे उधारी वसूल करायला दोन गिऱ्हाइकं. प्रेक्षकांतले जे चूक काढत होते, त्यांना वाटेल की हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. वाटू द्या.

जुने भाग काढून दुरुस्त करून परत टाकू नका. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाईल बसवता येत नाही. तुकडा कापता येतो, पण नवीन टाकायचं तर नवा व्हिडिओ, नवी लिंक, व्ह्यूज शून्यापासून. शर्टाच्या रंगासाठी एवढं नुकसान करून घेऊ नये.

राहिला गण्या. मारू नका. नवा आणा आणि कारण सांगू नका. 'बिविच्ड' मालिकेत १९६९ मध्ये नायिकेचा नवराच बदलला, डिक यॉर्कच्या जागी डिक सार्जंट आला, कोणी एक शब्द बोललं नाही आणि मालिका पुढे १९७२ पर्यंत चालली. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८ पासून चालू आहे. टप्पू भव्य गांधीकडून २०१७ मध्ये राज अनादकटकडे आणि २०२३ मध्ये नितीश भलुनीकडे गेला, खुद्द तारक मेहता २०२२ मध्ये शैलेश लोढांऐवजी सचिन श्रॉफ झाले. 'भाबीजी घर पर हैं'मध्ये अंगूरी आणि अनिता दोघीही बदलल्या. राधिकेच्या मालिकेतली शनाया २०१८ मध्ये रसिका सुनीलकडून ईशा केसकरकडे गेली आणि २०२० मध्ये परत रसिकाकडे आली. लोक दोन आठवडे कुरकुरतात. त्याच 'तारक मेहता'त दया मात्र बदलली नाही, ती २०१७ पासून माहेरी अहमदाबादलाच आहे, आणि दर थोड्या दिवसांनी 'आता येणार' असं म्हणावं लागतं. ती वाट तुमच्या मालिकेला परवडणार नाही, तुमचा गण्या रोज लागतो.

बदल कसा करायचा, ते बघा. ज्या भागात बदल आहे त्यात दुसरं काही नवं नको: नवं घर नको, नवं पात्र नको. पहिला सीन टपरीवरचाच ठेवा, तीच बाकडी, तोच अँगल, तीच वेळ. नवा पोरगा तोंड उघडायच्या आधी चहावाल्यानं त्याला नावानं हाक मारावी आणि उधारीचा आकडा सांगावा. आकडा वहीतून घ्या. लोक चेहऱ्याकडे बघत असतात तेव्हा कानानं आकडा ऐकतात, आणि आकडा बरोबर असला की हाच गण्या. नव्या पोराला जुन्याची नक्कल करायला लावू नका, त्याचं हसणं त्याला हसू द्या. पण सवयी जुन्याच: बाकड्यावर पाय वर घेऊन बसणं, गिलास दोन्ही हातांत धरणं, पैशाचा विषय निघाला की टोपी डोळ्यांवर ओढणं. भरतीत गेलेला पोरगा सुट्टीवर येऊन 'एखादा सीन देतो' म्हणेल, तेव्हा त्याला गण्या म्हणून उभं करू नका. वर्दीत आणा, चौकशीला आलेला शिपाई म्हणून. आणि त्या टपरीवरच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी गण्याच्या घरात एक चक्कर मारा. ओसरीच्या भिंतीवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचा फोटो टांगलेला आहे, कितीतरी भागांत मागे दिसतो, आणि त्यात जुना गण्या नवरदेवाच्या बाजूला उभा आहे. तो उतरवा.